आकाश चौघांचे, बांध आपला

मुंबई इलाख्यात शास्त्रशुद्ध जमीन मोजणीची सुरुवात इंदापूर तालुक्यातून झाली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जी पद्धत घालून दिली, तिच्यातून पुढे शंकू साखळीचे माप सर्वत्र रूढ झाले. साखळीची लांबी तेहेतीस फूट, तिचे भाग सोळा आणे आणि तिच्या वर्गाचा एक गुंठा. या साखळीने मोजलेली टिपणे आजही भूमी अभिलेख कार्यालयांच्या दप्तरात आहेत आणि बांधाच्या वादात न्यायालयापर्यंत जाऊन साक्ष देतात. साखळीनंतर फलकयंत्र आले, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. आता भूकरमापकाच्या हातात एक काठी असते, काठीच्या टोकाला छत्रीसारखी चकती असते आणि त्या चकतीला तो रोव्हर म्हणतो. काठी बांधावर टेकवायची, काही क्षण थांबायचे, की त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने पडद्यावर उमटतात. दिवसभराचे काम तासाभरात होते.

ही किमया जीपीएसची आहे, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. जीपीएस ही अमेरिकेची प्रणाली. अशा रोव्हरमध्ये आज सर्वसाधारणपणे रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या प्रणालींचे संदेशही ग्रहण करण्याची सोय असते. चारही प्रणालींचे मिळून शंभराहून अधिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. एकट्या जीपीएसवर अवलंबून असणाऱ्या यंत्राला उघड्या माळरानावर एका वेळी आठ-दहा उपग्रह दिसतात. चारही प्रणाली मिळून ही संख्या तीस-पस्तीसच्या घरात जाते. सेंटिमीटरची भाषा आज शेताच्या बांधावर बोलली जाते ती या संख्येच्या बळावर, आणि या चौघांत भारताचे नाव नाही, ही गोष्ट बांधावर उभ्या असलेल्या कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही.

उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत प्रसारित करत असतो. जमिनीवरचे यंत्र त्या संदेशाला पोहोचण्यास किती वेळ लागला हे पाहते आणि त्यावरून अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संदेश एका सेकंदाच्या अब्जांशात तीस सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणजे घड्याळात अब्जांश सेकंदाची चूक झाली तर अंतरात हातभर चूक झालीच. उपग्रहांवर म्हणूनच अणुघड्याळे बसवलेली असतात. जमिनीवरच्या यंत्रात ती परवडत नाहीत. तेथील साध्या घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी मानून, तीन दिशांतील स्थान आणि चौथी वेळ यांसाठी किमान चार उपग्रहांची समीकरणे मांडावी लागतात.

चार पुरतात, मग चाळीस कशाला? याचे पहिले उत्तर गिरगावातल्या एखाद्या गल्लीत उभे राहिल्यावर मिळते. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधे आकाशाची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत जीपीएसचे दोन किंवा तीनच उपग्रह दिसतात, आणि तेही एकाच रेषेत. अंतर कितीही चोख मोजले तरी उपग्रह आकाशात विखुरलेले नसतील तर स्थानाचे उत्तर लांबट होते. गल्लीच्या लांबीच्या दिशेने ठीक, रुंदीच्या दिशेने भलतेच. शिवाय इमारतींच्या काचांवर आपटून आलेले संदेश अंतर वाढवून सांगतात ते वेगळेच. उपग्रह पुष्कळ असले की संशयास्पद संदेश टाकून देण्याची चैन परवडते. साक्षीदार चारच असतील तर खोटे बोलणारा कोण हे ठरवता येत नाही, चाळीस असतील तर येते.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे आणि सेंटिमीटरची अचूकता त्यातच दडलेली आहे. मोजणीचा रोव्हर केवळ संदेशातील वेळ पाहत नाही, तो संदेश वाहून आणणारी रेडिओ लहरच मोजतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिचा एक शंभरांश भागही यंत्राला ओळखता येतो. अडचण अशी की लहरी एकसारख्या असतात. शेवटच्या अपुऱ्या लहरीचा तुकडा मिलिमीटरने मोजता आला तरी उपग्रहापासून यंत्रापर्यंत पूर्ण लहरी किती, कोट्यवधींपैकी नेमक्या किती, हे यंत्राला ठाऊक नसते. हा पूर्णांक अचूक शोधला तर उत्तर सेंटिमीटरमध्ये येते, एकाने चुकला तर सारा हिशेब बिघडतो. यासाठी जवळपास एक स्थिर स्थानक लागते, ज्याचे स्थान आधीच काटेकोरपणे ठाऊक आहे. दोन्हीकडची मापे एकमेकांतून वजा केली की उपग्रहांच्या घड्याळांच्या, कक्षांच्या आणि वातावरणाच्या बहुतेक चुका गळून पडतात आणि पूर्णांकांचे कोडे सुटते. समीकरणे जितकी जास्त तितके हे कोडे लवकर आणि खात्रीने सुटते. आंब्याच्या झाडाखाली किंवा घराच्या भिंतीलगत, जेथे पूर्वी एकट्या जीपीएसचा रोव्हर तिष्ठत उभा राहत असे, तेथे आज तो उत्तर देतो, ते यामुळे.

भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा स्थिर स्थानकांचे जाळे देशभर विणले आहे. ‘कॉर्स’ या नावाने ते ओळखले जाते. देशातील स्थानकांची संख्या हजारावर आहे, महाराष्ट्रात ती ७७ आहे. राज्याच्या भूमी अभिलेख विभागाची ई-मोजणीची नवी आवृत्ती याच जाळ्यावर बेतलेली आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा जो प्रयोग झाला, त्यातून पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आकाराला आली. ड्रोनने टिपलेली चित्रे जमिनीशी घट्ट जोडण्याचे कामही अखेर याच उपग्रहांच्या मापांवर चालते. गावठाणातील घराला प्रथमच मालकीपत्र मिळणे, त्यावर कर्ज मिळणे, भावकीच्या वाटण्या नकाशावर येणे, एवढ्या गोष्टी या यंत्रणेवर उभ्या आहेत. रोव्हरला स्थानकाशी बोलण्यासाठी मोबाइलची रेंज लागते आणि डोंगराळ तालुक्यांत तीच नसते, ही रडकथा आहेच. पण ती कालांतराने सुटेल अशी आहे.

चार प्रणाली एकत्र करणे वाटते तितके सरळ नाही. प्रत्येकीचे घड्याळ निराळे. जीपीएस आपल्या वेळेत लीप सेकंद मिळवत नाही, ग्लोनास मिळवते. परिणामी आज जीपीएसचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. बैदूचे घड्याळ जीपीएसच्या १४ सेकंद मागे. हे पूर्ण सेकंद वजा करणे सोपे, परंतु त्याखाली अब्जांश सेकंदांचे जे फरक उरतात ते नवी अज्ञात राशी होऊन बसतात. म्हणून प्रत्येक नवी प्रणाली आपल्यासोबत एका उपग्रहाचा खर्च घेऊन येते. दोन प्रणालींसाठी चार नव्हे, पाच उपग्रह लागतात. पृथ्वीचा मध्य आणि अक्ष मानण्याच्या पद्धतीही प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या. आता त्या सेंटिमीटरच्या अंतरात जुळवून आणलेल्या आहेत. ग्लोनासच्या जुन्या संदेशात प्रत्येक उपग्रहाची वारंवारता थोडी वेगळी असल्याने यंत्राच्या अंतरंगात होणारा विलंबही प्रत्येकाचा वेगळा, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जोडताना त्याचा त्रास होतो. ही सारी गुंतागुंत यंत्र निर्मात्यांनी पोटात घेतली म्हणून वापरणाऱ्याला ती दिसत नाही.

राजकारणाचा अडथळा त्याहून मोठा होता. गॅलिलिओची कल्पना पुढे आली तेव्हा युरोपला वेगळी प्रणाली हवीच कशाला, असा सूर अमेरिकेत होता. लष्करी संदेशांच्या वारंवारतेवर युरोपचे संदेश चढतील ही त्यांची भीती होती. जून २००४ मध्ये दोघांत करार झाला आणि मुख्य नागरी संदेश परस्परांना पूरक ठेवण्याचे ठरले. त्याआधी मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, तेव्हा शंभर मीटरची अनिश्चितता एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली होती. एका देशाच्या अध्यक्षाच्या सहीने जगभरच्या नकाशांची अचूकता पालटते, हे तेव्हा सर्वांना दिसले. रशियाने डबघाईला आलेली ग्लोनास २०११ पर्यंत पुन्हा पूर्ण केली, युरोपने डिसेंबर २०१६ मध्ये प्रारंभिक सेवा सुरू केली, चीनने ३१ जुलै २०२० रोजी बैदूची जागतिक प्रणाली कार्यान्वित झाल्याचे जाहीर केले. यामागे वैज्ञानिक सहकार्याची भावना नव्हती, परावलंबनाची भीती होती. चार अविश्वासू शेजाऱ्यांनी आपापल्या विहिरी खोदल्या आणि पाणी मात्र साऱ्या गावाला मुबलक झाले, असा हा प्रकार आहे.

या मुबलकतेचा लाभ कसोटीच्या वेळी दिसून आला. एप्रिल २०१४ मध्ये ग्लोनासच्या सर्व उपग्रहांवर कक्षेची चुकीची माहिती चढवली गेली आणि दहा तासांहून अधिक काळ ती प्रणाली निरुपयोगी झाली. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळपास आठवडाभर बंद पडली. युरोपातील कोट्यवधी मोबाइलधारकांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण त्यांचे फोन मुकाट्याने इतर प्रणालींवर चालत राहिले. एकट्या प्रणालीवर विसंबलेल्या जगात हीच घटना आपत्ती ठरली असती.

मात्र येथेच एक गफलत होते. एका प्रणालीत बिघाड झाला तर इतर तिला सांभाळून घेतात, याचा अर्थ चारही एकत्र असल्या की सारे सुरक्षित, असा लावला जातो. तो चुकीचा आहे. चारही प्रणालींचे संदेश वीस हजार किलोमीटरवरून अतिशय क्षीण होऊन येतात, आणि त्यांचे मुख्य नागरी संदेश रेडिओ पट्ट्याच्या एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले आहेत. जीपीएस, गॅलिलिओ आणि बैदू यांची तर १५७५.४२ मेगाहर्ट्झ ही मध्यवर्ती वारंवारताही एकच आहे. परस्परांना पूरक ठरावेत म्हणूनच ती तशी निवडली गेली. परिणामी खिशात मावणारे एखादे स्वस्त यंत्र त्या कोपऱ्यात गोंगाट करू लागले की चौघांचाही आवाज एकदम बुडतो. एकत्रीकरण सोपे करणारी गोष्टच हल्लाही सोपा करते.

गोंगाटापेक्षा वाईट प्रकार म्हणजे खोटे संदेश पाठवणे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मू परिसरात विमानांच्या उपग्रह दिशादर्शनात अडथळे आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर राजधानीतील विमानतळावर उतरणाऱ्या काही विमानांना खोटे संदेश मिळाले आणि डिसेंबरमध्ये सरकारने त्याला दुजोरा दिला. मुंबईसह अन्य विमानतळांवरूनही अडथळ्यांच्या तक्रारी आल्याचे त्याच उत्तरात नमूद होते. विमानाला जमिनीवरच्या जुन्या रेडिओ यंत्रणांचा आधार असतो, म्हणून अनर्थ टळतो. रस्त्यावरच्या ट्रकला, बंदरातल्या क्रेनला आणि बांधावरच्या रोव्हरला तो नसतो.

खोट्या संदेशांवर इलाज आहे. गॅलिलिओने जुलै २०२५ पासून आपल्या नागरी संदेशावर कूटबद्ध सही उमटवण्याची सेवा रीतसर सुरू केली आहे. संदेश खरोखर उपग्रहाकडूनच आला का, हे यंत्राला त्यामुळे पडताळता येते. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये युरोपने सुमारे २० सेंटिमीटर अचूकतेची सेवाही विनामूल्य खुली केली होती. उशिरा आलेल्याने आधीच्यांपेक्षा अधिक द्यायचे ठरवले तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

भारताच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न आहे, आणि तो परक्यांच्या प्रणाली आपल्यासाठी सोडवणार नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, रेडिओ संदेश रेंगाळतो. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताच्या टोकाजवळून जाते. थुंबा येथे अग्निबाणतळ उभारला गेला तो त्यामुळेच. या विषुववृत्तापाशी उसळलेले विद्युतभारित कण उत्तरेला मध्य भारताच्या आकाशात साचतात. युरोप-अमेरिकेत बसवलेली गणिते या पट्ट्यात तोकडी पडतात, आणि सूर्यास्तानंतर संदेश लुकलुकू लागतात ते वेगळेच. दोन वारंवारतांवर संदेश घेतला तर विलंबाचा बराचसा भाग काढून टाकता येतो, परंतु लुकलुकणाऱ्या संदेशावर तोही उपाय नाही. मे २०२४ मधील सौर वादळात अमेरिकेच्या मध्यभागातील शेतकऱ्यांचे उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटले होते. आकाश एकच असेल तर उपग्रह कोणत्या देशाचे हे गौण ठरते.

विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली गगन ही यंत्रणा नेमका हाच विलंब भारतभरच्या संदर्भ स्थानकांवरून मोजून दुरुस्त्या पाठवते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे तिच्या आधारे प्रवासी विमान उतरवण्याची चाचणी यशस्वी झाली. पण गगन स्वतः स्थान सांगत नाही, ती जीपीएसचे उत्तर सुधारते. मूळ उत्तर अमेरिकेचेच.

स्वतःचे उत्तर देण्यासाठी भारताने नाविकची योजना आखली होती. २००६ मध्ये सुमारे १४२० कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी मिळाली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी, आणि त्याच दिवशी पंतप्रधानांनी प्रणालीला नाविक हे नाव दिले. रचना कल्पक होती. जगभर फिरणारे चोवीस उपग्रह परवडणारे नव्हते, म्हणून छत्तीस हजार किलोमीटरवर सदैव भारतावर नजर ठेवणारे सातच. शिवाय संदेशांसाठी एस पट्ट्यातील २४९२ मेगाहर्ट्झ ही एक अगदी निराळी वारंवारता. वर सांगितलेल्या गोंगाटाच्या संदर्भात ही निवड दूरदृष्टीची होती. उंच वारंवारतेवर आयनांबराचा त्रासही कमी होतो.

पुढे जे झाले ते क्लेशकारक आहे. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात अणुघड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये अग्निबाणाचे उष्णतारोधक आवरण न उघडल्याने आतच अडकून राहिला. गॅलिलिओच्याही अणुघड्याळांनी तेव्हा दगा दिला होता, पण युरोपकडे राखीव उपग्रहांची रांग होती. सातांच्या प्रणालीत एकेक उपग्रह म्हणजे सातवा हिस्सा. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळासह एनव्हीएस-०१ यशस्वी झाला. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ ची कक्षा उंचावण्यासाठी लागणारी झडप उघडली नाही आणि तो भलत्याच कक्षेत राहिला. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी स्थाननिश्चितीसाठी चारच काम देत होते. चार म्हणजे गणिताला लागणारी किमान संख्या, राखीव शून्य. त्या चारांतील दोन उपग्रह २०१४ आणि २०१६ मधले, म्हणजे नियोजित दहा वर्षांच्या आयुष्याच्या उंबरठ्यावरचे किंवा त्यापलीकडचे. एनव्हीएस-०३ त्या वर्षाअखेर आणि पुढचे दोन सहा-सहा महिन्यांच्या अंतराने सोडण्याचे नियोजन त्याच उत्तरात होते. २०२५ हे वर्ष मात्र त्या उड्डाणाविना सरले.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. चार प्रणाली फुकट उपलब्ध असताना पाचवीवर पैसा का घालवायचा? कारगिल युद्धात अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारल्याची कथा यावर उत्तर म्हणून सांगितली जाते. तिचा आधार न घेताही उत्तर देता येते. अचूकता एकत्रीकरणातून मिळते हे खरे, पण एकत्रीकरणात ज्याचा वाटा असतो त्याचेच म्हणणे विचारात घेतले जाते. मोबाइलमध्ये नाविक बंधनकारक करण्याचा विचार २०२२ मध्ये पुढे आला तेव्हा उत्पादकांनी खर्चाचे कारण दाखवून कुरकुर केली. रशियानेही एके काळी ग्लोनास नसलेल्या फोनवर आयात शुल्काची धमकी दिली होती आणि त्यानंतर ग्लोनास फोनमध्ये आली; पण धमकीच्या पाठीशी आकाशात चोवीस उपग्रह होते. चार उपग्रहांच्या बळावर उत्पादकांना सक्ती करणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना पाणपोईचा आग्रह धरणे होय. नाविकच्या आधीच्या वारंवारतांसाठी फोनमध्ये वेगळी सोय लागते हेही उत्पादकांच्या नाखुशीचे कारण होते. एनव्हीएस मालिकेत १५७५ मेगाहर्ट्झचा संदेश जोडून इस्रोने ती अडचण दूर केली आहे, अर्थात त्या गर्दीच्या कोपऱ्यात जाऊन बसण्याची किंमत देऊन.

सरकारचे धोरणही एका दिशेचे नाही. एप्रिल २०१९ पासून व्यावसायिक वाहनांच्या माग काढणाऱ्या यंत्रांत नाविकची सक्ती झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर उपग्रहांच्या आधारे टोल आकारण्यासाठी नियम बदलले गेले. एप्रिल २०२५ मध्ये मात्र १ मेपासून देशभर असा टोल लागू करण्याचा कोणताही निर्णय नसल्याचा खुलासा करावा लागला. महामार्ग आणि त्याला लागून जाणारा सेवा रस्ता यांत दहा-पंधरा मीटरचेच अंतर असते. वाहन कोणत्या रस्त्यावर होते हे यंत्राने चुकीचे सांगितले तर टोल कोणी भरायचा आणि दाद कोणाकडे मागायची, याची उत्तरे उपग्रहांच्या संख्येइतकीच महत्त्वाची आहेत.

जमिनीच्या मोजणीतही हाच पेच वेगळ्या रूपात येतो. रोव्हर सेंटिमीटरमध्ये बोलतो. दप्तरातला नकाशा नाही. हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक मीटर, आणि जुन्या कागदाचे आकुंचन त्याहून अधिक असू शकते. बांध आज कोठे आहे हे चार देशांचे उपग्रह बिनचूक सांगतील. आजोबांच्या काळात तो कोठे होता, हे त्यांना ठाऊक नाही. जुन्या टिपणांशी नवी मापे जुळत नाहीत तेव्हा फरक किती मान्य करायचा आणि तो कोणाच्या पदरात टाकायचा, याचे स्पष्ट नियम भूकरमापकाच्या हाती नसतील, तर यंत्राची अचूकता हेच नव्या वादाचे कारण होईल. पूर्वी साखळी ओढताना हातभर इकडेतिकडे चालून जात असे आणि दोन्ही शेजारी ते मनावर घेत नसत. आता पडद्यावरचा आकडा दोघांनाही दिसतो.